वृंदावनातलं गोडपान

बसा मंडळी, बसा. पुढं सरका, मागच्यांना जागा द्या. खांबाला टेकून बसलेल्यांना माझी एकच विनंती — झोप आली तर खुशाल झोपा, पण घोरू नका. पखवाजवाल्यांचा ताल चुकतो!

आज मी तुम्हाला एक प्रश्न विचारणार आहे. पुराणातला नाही, तुमच्या-माझ्या घरातलाच. समजा, घरात एक वस्तू आहे. कामाची, रोज हाताला लागणारी. ती तुम्ही उचलली, देव्हाऱ्यात ठेवली, हळदकुंकू वाहिलं, पुढं दिवा लावला. आता सांगा — ती वस्तू तुमच्या जवळ आली, की लांब गेली?

त्या खांबाजवळच्या आजी म्हणतायत, जवळ आली. बरं आजी! तुमचं उत्तर पदरात बांधून ठेवा. आख्यान संपलं की मी पुन्हा विचारीन.

आणि एक आधीच सांगून ठेवतो. वाटेत थोडं हसवीन, पण हे आख्यान हसायचं नाही. शेवटी देव धावून येईल, सगळं नीट होईल, म्हणून वाट बघत बसू नका. या गोष्टीत देव धावून येत नाही. तो बिचारा तिथंच होता, अंगणात. पण ते पुढं.

तर मंडळी, ऐका.

नदीकाठाला पाणंदवाडी म्हणून एक गाव. चहूकडं ऊस. दिवाळी झाली की गुऱ्हाळं पेटायची, आणि सगळ्या गावाला गुळाचा वास सुटायचा. त्या गावात सिदू गुळव्या राहायचा. गुळव्या म्हणजे कोण, हे आपल्या मुलखात सांगायला नको. पण इथं चार शहरातले पाहुणे बसलेत, त्यांच्यासाठी सांगतो. उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळतो. तो नेमका केव्हा उतरवायचा, हे ठरवणारा माणूस तो गुळव्या. जरा आधी उतरवला तर ढेप बसत नाही. जरा उशीर झाला तर करपला! सिदू पाण्यात थेंब टाकायचा, बोटांनी गोळी वळायचा, ती जिभेवर ठेवायचा — आणि हात वर करायचा. मालक असो नाहीतर सावकार असो, सिदूचा हात वर झाला की काहील उतरलीच पाहिजे. सगळं आयुष्य त्या जिभेवर चाललं.

आणि त्याच माणसाला साखरेचा आजार झाला!

हसू नका. हसताय कोण, ते मला दिसतंय. तुमच्यातल्या निम्म्यांच्या खिशात त्याच गोळ्या आहेत, आणि मागं शिरा शिजतोय म्हणून तुम्ही इथं बसलाय. काय? खोटं बोलतो?

डॉक्टरांनी सिदूला समोर बसवलं. तळपायाला सुई टोचली. सिदू त्यांच्याकडं नुसता बघत राहिला, त्याला कळलंच नाही. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू ठेवा, गोड एकदम बंद करा, आणि पायाला जपा. तुमच्या पायाला आता काही कळत नाही. अशीच साखर वाढत राहिली आणि जखम झाली, तर पाय जाईल. पायावर थांबलं तर नशीब समजा.

हे ऐकत शेजारी उभी होती ती त्याची बायको, आक्काताई. ठेंगणी, काटक, तोंडानं फटकळ. आजचं आख्यान सिदूचं नव्हे मंडळी, ते आक्काताईचं आहे. तिच्यावर लक्ष ठेवा.

आक्काताईनं घरी येऊन गुळाचा डबा धान्याच्या कणगीत लपवला. सिदूनं तो वासावरनं काढला. तिनं शेजारी नेऊन ठेवला, तर हा गुऱ्हाळावर काकवीत बोट बुडवून यायचा. मिशीला लागलेली काकवी बघून तिला कळायचं. मग भांडण. मग अबोला. आणि सकाळचा बिनसाखरेचा चहा! ती पुढं ठेवायची, तो बघत बसायचा. कपावर साय धरायची, तरी हात लावायचा नाही. गोडावाचून माणूस मरत नाही, हे आपण सगळे म्हणतो. पण तो त्या चहाकडं ज्या नजरेनं बघायचा ना, ती बघवेना म्हणून आक्काताई कप उचलून आत न्यायची.

त्यांची एकुलती एक लेक, वैजयंता. सगळे वैजू म्हणायचे. शिकलेली, सासर लांब. ती एकदा कुठल्याशा शेतीच्या प्रदर्शनातनं आली, ती एका खोक्यात रोपं घेऊनच. बोटभर उंचीची, दातेरी पानांची. दिसायला काही विशेष नाही, गवतातलंच वाटावं.

म्हणाली, "आई, ह्याला स्टीव्हिया म्हणत्यात. ह्याचं पान साखरंपेक्षा गोड हाय, पण ती साखर न्हवं. आप्पांच्या च्यात घाल."

आणि लेकीनं तीन गोष्टी बजावून सांगितल्या. याच्या मुळाशी पाणी साठू द्यायचं नाही, कुजतं. कळी दिसली की खुडायची; फुलावर आलं की पान कडवट होतं. आणि तिसरी — हे औषध नव्हे, आप्पांच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. आक्काताईनं सगळं ऐकलं. फक्त ते नाव काही तिच्या जिभेला वळेना. तिनं आपलं नाव ठेवलं — गोडपान. परड्यात, मोरीच्या पलीकडं वाफा केला आणि रोपं लावली.

पुढं पानं धरली. एका सकाळी तिनं दोन पानं चुरगाळून चहात उकळली, गाळलं, आणि काही न बोलता कप पुढं ठेवला. सिदूनं बघितलं. वैतागून एक घोट घेतला — आणि थांबला! गुळव्याची जीभ ती! घोट तोंडात घोळवला. डोळे मिटले.

म्हणाला, "ह्यात गूळ न्हाई. साखर बी न्हाई. उसाचं गोड आधी येतंय आणि निघून जातंय. ह्ये मागनं येतंय आणि बसून ऱ्हातंय. काय घातलंयस?"

आक्काताई तोंडाला पदर लावून हसली. मंडळी, त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणीतरी हसलं होतं. सिदूनं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "अजून एक दे."

पुढचं वर्ष सोन्यासारखं गेलं. सिदू सकाळी उठायचा, तोंड धुवायचा, आणि स्वतः परड्यात जाऊन पानं खुडून आणायचा. आज हे कवळं, हे जून, ह्याचं एक पुरे, त्याची दोन लागतील — गुळासारखीच पारख! हंगामात काकवीकडं त्याचा हात जाईना. मी काही डॉक्टर नाही, पानानं आजार बरा होतो असं कुणी माझ्या नावावर सांगू नका. पण त्या एका गोड कपामुळं सिदूचा हात दिवसभर आवरलेला राहायचा, एवढं खरं. पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, साखर आटोक्यात आली. आक्काताई दवाखान्यातनं बाहेर आली आणि पायरीवर बसून रडली. आनंदानं.

इथं आख्यान संपलं असतं तर किती बरं झालं असतं! मीही शिरा खाऊन घरी गेलो असतो.

पण पावसाळा आला. नदीला फुग आली, ओढा तुंबला आणि परड्यात पाणी चढलं. ओसरेपर्यंत वाफा चिखलात होता. रोपं मुळातनं कुजली, हातात धरली की सुटून यायची. वाळवून ठेवलेल्या पानांच्या डब्याला दमटपणानं बुरशी धरली. पडवीत एका फुटक्या पातेल्यात लावलेलं एकच रोप तेवढं वाचलं. एकच! वैजूनं लांबनं शहरातली पुडी पाठवली होती, त्याच पानाच्या पांढऱ्या भुकटीची. सिदूच्या जिभेला ती पटली नाही, थुंकून टाकली. म्हणजे आता आशा त्या एका रोपावर.

आक्काताईनं विचार केला. हे लावायचं कुठं? पाणी साठणार नाही अशी उंच जागा पाहिजे. रोज पाणी घालायची आठवण राहील, शेळी तोंड घालणार नाही, अशी पाहिजे. तिची नजर अंगणात गेली. अंगणात तुळशीवृंदावन होतं, कमरेएवढं, खाली पाणी निघून जायला भोक असलेलं. त्यातली तुळस उन्हाळ्यातच वाळली होती. माती तयार, जागा रिकामी. तिनं ते रोप नेऊन वृंदावनात लावलं.

आता मला सांगा मंडळी, इथपर्यंत त्या बाईचं काय चुकलं? काही चुकलं? काहीही नाही! शहाण्या बाईनं जे करावं तेच केलं.

मग संध्याकाळ झाली. दिवेलागण. लग्न होऊन आल्यापासनं तिचा हात रोज त्या वेळेला वृंदावनाच्या कोनाड्यात दिवा ठेवत आलेला. वृंदावन हिरवंगार दिसतंय आणि दिवा नाही, हे काही बरं दिसेना. तिनं दिवा लावला. दिवा लावला की हात आपोआप कुंकवाच्या करंड्याकडं जातो. तिनं कुंकू वाहिलं आणि हात जोडले.

सिदू ओट्यावर बसला होता. तो म्हणाला, "च्याच्या डब्याला कुंकू लावलंस की गं."

दोघंही हसली. हसा, तुम्हीही हसून घ्या. माणूस घसरतो ना, तेव्हा पहिल्या पायरीवर असंच हसू येतं.

शेजारी शेवंताकाकू. गावातल्या सगळ्या व्रतांची जबाबदारी देवानं आपल्यावर टाकलीय, असं समजणारी बाई. असते ना एकेक गावात? इथंही असेल, मी नाव विचारत नाही. ती सकाळी आली, वृंदावनाला नमस्कार केला. आक्काताई म्हणाली, काकू, ती तुळस नव्हे, ते आपलं गोडपान. काकू म्हणाली, "वृंदावनात हाय न्हवं? मग तुळसच." आणि प्रसाद म्हणून एक पान तोंडात टाकलं. गोड! काकूचे डोळे पांढरे झाले. गोड तुळस! कुणी कधी ऐकली होती?

काकूची सून बरीच वर्षं मूल नाही म्हणून झुरत होती. काकूनं तिला श्रावणभर या वृंदावनाला प्रदक्षिणा घालायला लावल्या. आणि गणपती बसता बसता सुनेला दिवस गेल्याचं कळलं. झालं! गावभर झालं! त्यात सुनेच्या नवऱ्याचा काही हात असेल, असं पाणंदवाडीत एकाच्याही मनात आलं नाही!

बायका यायला लागल्या. कुणी दूध घातलं, कुणी खण आणला. आणि मग नियम आले. आधी म्हणाल्या, तुळस रविवारी तोडत नाहीत. मग म्हणाल्या, एकादशीला, बारशीला तर नाहीच नाही. मग दिवेलागणीनंतर नाही. मग अंघोळीशिवाय हात लावायचा नाही — आणि सिदू तर उठल्या उठल्या खुडणारा! शेवटी शेवंताकाकूनं सगळ्यांच्या देखत विचारलं, की देवाचं पान चहाच्या भांड्यात उकळायचं, हे तरी बरोबर आहे का?

आक्काताई फटकळ होती असं मी म्हणालो ना? तिनं का नाही सुनावलं? सांगतो. गुऱ्हाळावरच्या मजुराची बायको ती. हळदकुंकवाला बोलावलं तर उंबऱ्याजवळ बसायची. आणि आता सगळ्या गावच्या बायका तिच्या अंगणात! जाताना तिच्या पाया पडत होत्या. तिला ते आवडलं. मी तिच्यावर माया ठेवून सांगतोय, पण खोटं सांगणार नाही — आवडलं.

तरीही ती सिदूला पानं खुडू द्यायची. कुणी नसताना, हळूच. आणि एका रविवारी काय झालं — सिदूनं दोन पानं खुडली, चहा प्याला, आणि दुपारी त्याच्या पायाच्या अंगठ्यात खिळा घुसला. त्याला कळलंसुद्धा नाही. घरात रक्ताचे ठसे दिसले तेव्हा कळलं. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? पायाला जपा, त्याला काही कळत नाही. आठवतंय ना? पण शेवंताकाकू उंबऱ्यात उभी राहिली, रक्ताकडं बघितलं आणि एवढंच म्हणाली, "आज आयतवार हाय, आक्काताई."

बस्स. एवढंच वाक्य. त्या दिवसापासनं आक्काताईचा हात थांबला.

तिनं सिदूला सांगितलं, आता पानाला हात लावायचा नाही. तो म्हणाला, मग लावलंस कशाला?  वैजूचा फोन आला, की आई, फांद्या छाटून मातीत खोच, एकाची दहा रोपं होतील, मिटलं. आक्काताई घाबरून म्हणाली, "फांदी तोडू? तिची?" पलीकडं लेक चमकली. रोपाला 'तिची' कधीपासनं म्हणायला लागली आई?

आणि रोज सकाळी ती वृंदावनापुढं पदर पसरायची. माझ्या धन्याचा पाय बरा कर. तुला कुणी हात लावणार नाही. कार्तिकात थाटात तुझं लगीन लावीन.

मंडळी, हे चित्र जरा डोळ्यांपुढं आणा. ज्या झाडाचं पान नवऱ्याच्या कपात पडायला पाहिजे, त्या झाडापुढं बाई नवऱ्यासाठी पदर पसरून उभी आहे. मागायचं काय? जे हात पुढं करून घेता येत होतं तेच! आणि मागं ओट्यावर नवरा फिका चहा घेऊन बसलाय.

दोन ओळी म्हणू. कुणा थोराच्या नाहीत, माझ्याच जोडलेल्या आहेत, चूकभूल माफ करा. टाळ हळू —

पान होतं गोड, त्याला जोडियेले हात।
धनी उपाशी निजला, दिवा वृंदावनात॥

थांबवा टाळ. पुढं ऐका.

कार्तिक लागला. दिवस लहान झाले आणि गोडपानाला शेंड्याशेंड्याला कळ्या आल्या. बारीक, पांढऱ्या. आक्काताईला लेकीचं बोलणं पाठ होतं — कळी दिसली की खुडायची. तुळशीच्या लग्नाचा दिवस. बायकांनी उसाचा मांडव घातला होता, चिंचा-आवळे बांधले होते. सकाळी अंगणात कुणी नव्हतं. आक्काताई वृंदावनाजवळ गेली. नखात कळी धरली. नुसतं दाबायचं होतं.

ओट्यावरनं सिदू म्हणाला, "खुड. न्हाईतर कडू हुईल."

तिनं त्याच्याकडं बघितलं. त्याच्या चिंधी बांधलेल्या अंगठ्याकडं बघितलं. आणि हात काढून घेतला. म्हणाली, "आज लगीन हाय तिचं."

नवरीचं तोंड लग्नादिवशी कुणी खुडतं का? तुम्ही सांगा! तिला वाटलं, हिला दुखवलं तर ही माझ्या कुंकवावर उठेल. म्हणून कुंकू वाचवायला तिनं कळी राखली. सिदू पुन्हा त्या पानाबद्दल एक शब्द बोलला नाही.

संध्याकाळी लग्न लागलं. अक्षता पडल्या. शेवंताकाकू गुळाचा चुरमा वाटत आली आणि सिदूच्या हातावर मूठभर ठेवला. प्रसाद तो! प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. सिदूनं आक्काताईकडं बघितलं. ती बघत होती वृंदावनाकडं. त्यानं मूठ तोंडात टाकली.

मी आता भरभर सांगतो, कारण हळू सांगवत नाही. गुऱ्हाळं पेटली. सिदू गेला. पहिल्याच काहिलीला जिभेवर गोळी ठेवली ती थुंकली नाही. मग काकवी. मग वाटीनं काकवी. घरी गोड कप नाही, मग अडवणार कोण त्याला? आणि गुऱ्हाळात पायात काही घालत नाहीत. गूळ म्हणजे लक्ष्मी, तिच्यापुढं अनवाणी राहायचं, हा रिवाज. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाय झाका. रिवाज म्हणाला, पाय उघडे ठेव. चुलवणातला निखारा बाहेर उडाला होता, त्यावर सिदू उभा राहिला. काहिलीकडं बघत उभा राहिला! रस हलवणाऱ्या गड्याला वास आला, मांसाचा, तेव्हा त्यानं ओढून बाजूला घेतलं.

पाय गेला. सिदूला शहरात नेलं, गुडघ्याखालनं पाय कापला. आक्काताईनं त्या दिवशी वृंदावनाला खणानारळानं ओटी भरली, गुडघा तरी राहिला म्हणून. बघा मन कसं असतं! जे गेलं त्याचा जाब विचारायचा नाही, जे राहिलं त्याचे आभार मानायचे!

पण तेही राहिलं नाही. माघात जखम चिघळली आणि विष अंगात पसरलं. सिदूनंच हट्ट धरून घर गाठलं, म्हणाला, मला माझ्या ओट्यावर न्या. वैजू निघाली होती, वाटेत होती. उन्हं उतरली तेव्हा त्याला जरा शुद्ध आली. समोर अंगण, अंगणात वृंदावन. त्यात ते रोप. पांढऱ्या फुलांनी भरलेलं, खालची पानं पिवळी पडलेली.

तो आक्काताईला म्हणाला, "एक कप च्या दे. पानाचा."

किती महिन्यांनी मागितलं होतं! ती उठली. खरंच उठली. अंगणात उतरली, वृंदावनापर्यंत गेली. आणि तिला आठवलं. काल एकादशी झाली. आज बारस.

बारशीला तुळस तोडत नाहीत.

बोला मंडळी! आता का गप्प? तुम्ही काय केलं असतं? पान तोडावं तर देवी कोपेल आणि आत्ताच नवरा जाईल. न तोडावं तर — न तोडावं तर काय? एका कपानं काय होतंय? उद्या देऊ. ती तिथं उभी राहिली, हात जोडले, आणि परत आली. त्याच्या कपाळावरनं हात फिरवला आणि म्हणाली, "आज बारस हाय. उद्या सकाळी देते."

सिदू म्हणाला, "बरं."

तो रागावला असता, ओरडला असता, तर तिला पुढं जगायला सोपं गेलं असतं. तो नुसता 'बरं' म्हणाला.

तांबडं फुटायच्या आत सिदू गेला. चुलीवर आधण ठेवायला ती आत गेली होती. चहाचंच आधण. अंघोळ करून, ओल्या केसांनी, देवीची क्षमा मागून पान तोडायचं असं ठरवलं होतं तिनं. बाहेर आली तो मान कलंडलेली.

तिची हाक ऐकून शेवंताकाकू धावत आली. तशीच, अंथरुणातनं उठून. काकू वाईट बाई नव्हती, बरं का. ऊर बडवून रडली. मग तिला आठवलं, गेलेल्याच्या तोंडात तुळशीपत्र ठेवायचं असतं. ती अंगणात गेली. वार विचारला नाही, तिथी विचारली नाही. वृंदावनात हात घातला, फुलांसकट मूठभर पानं ओरबाडली, आणि आणून सिदूच्या तोंडात ठेवली.

मूठभर! ज्याला एक पान मिळालं नाही त्याला मूठभर!

आक्काताई बघत होती. बायकांना वाटलं, आता हंबरडा फोडेल. तिनं फोडला नाही. अगदी हळू आवाजात, साधं काहीतरी विचारावं तसं, तिनं विचारलं, "काकू, तुमी अंघूळ केलीया?"

काकूनं आपल्या हाताकडं बघितलं. 

मग आक्काताई उठली. सिदूच्या ओठावरनं एक पान निसटलं होतं, ते तिनं उचललं आणि स्वतःच्या तोंडात टाकलं. चावलं. चावत राहिली.

कडू. कार्तिकापासनं फुलावर आलेलं झाड ते. लेकीनं सांगितलं होतं, सिदूनं सांगितलं होतं. म्हणजे आदल्या संध्याकाळी तिनं बारस मोडून पान तोडलं असतं, तरी त्याला गोड चहा मिळाला नसता. तो गोड चहा केव्हाच गेला होता, ज्या सकाळी तिच्या नखात कळी होती त्या सकाळी. हे तिला तिथं, त्याच्या उशाशी बसून, त्या एका पानात कळलं. आणि ते तिला कुणी समजावून काढून टाकू शकत नाही. मी केला प्रयत्न. नाही जमलं.

हो, मी गेलो होतो तिथं. त्या गावात माझं कीर्तन होतं. वृंदावन अजून आहे. बायकांनी त्याला रंग दिलाय, वर पत्रा घातलाय, बाहेरगावची माणसं येतात, जागृत म्हणतात. आक्काताई पाणी घालते. मी विचारलं, आता का घालता? म्हणाली, भीती वाटती.  मी हात जोडून म्हणालो, ताई, माझ्या गावात साखरेची पुष्कळ माणसं आहेत, एक फांदी द्या, मी लावीन.

 ती उठली, टसटशीत एक फांदी मोडली, माझ्या उपरण्यात ठेवली. मी सवयीनं ती कपाळाला लावायला गेलो, तर तिनं माझं मनगट धरलं. म्हाताऱ्या बाईची पकड, पण सुटेना.

म्हणाली, "म्हाराज, खायाला नेताय न्हवं? मग पाया पडू नका तिच्या."

आता मंडळी, मघाचा प्रश्न. देव्हाऱ्यात ठेवलेली वस्तू जवळ येते, की लांब जाते? आजी, काढा पदरातलं उत्तर. नाही काढत? राहू द्या, मलाही काढवत नाही.

आक्काताईला नावं ठेवून घरी जाऊ नका. तुमच्या घरी पोथी आहे ना? लाल कापडात बांधलेली? तिला रोज फूल वाहता. उघडली केव्हा होती? बापाचा फोटो भिंतीवर आहे, त्याला हार आहे. तो बोलत होता तेव्हा त्याचं एक तरी वाक्य पोटात गेलं? मी गेली कित्येक वर्षं अशा मांडवांत उभा राहून ओरडतोय. ओरडून झालं की तुम्ही रांग लावता आणि माझ्या पायावर डोकं ठेवता. आणि तसेच घरी जाता, जसे आला होता तसेच! मला ठाऊक आहे, आजही जाल. मला तुमच्याकडनं फार आशा उरलेली नाही, रागावू नका.

पण मागं शिरा तयार झालाय. वास इथपर्यंत आलाय. द्रोण हातात येईल, आणि ज्यांच्या खिशात गोळ्या आहेत ते म्हणतील, प्रसादाला नाही कसं म्हणायचं? तेव्हा तुमच्या शेजारी बसलेली तुमची बायको कुठं बघतेय ते बघा. तुमच्याकडं, की देवाकडं?

टाळ खाली ठेवा. आज माझ्या पाया कुणी पडायचं नाही.